छपाईयंत्रातून जळका वास आला तर...

दूध करपले किंवा भाजी लागली, तर घरातील गृहिणीला ते डोळ्यांआधी नाकाने कळते आणि हातातील काम टाकून ती प्रथम शेगडी बंद करते. कचेरीत मात्र पुष्कळदा याच्या उलट घडते. टेबलावरील छपाईयंत्रातून करपट वास येऊ लागला, तरी ‘एवढी दोन पाने निघू देत’ असे म्हणून काम पुढे रेटले जाते. लेसर प्रिंटर आता शाळा, पतसंस्था, वकिलांच्या कचेऱ्या आणि कित्येक घरांतही येऊन बसला आहे. त्याच्या पोटात काय चालते हे ठाऊक असेल, तर त्या वासाचा अर्थ लावणे फारसे कठीण नाही.

आपण ज्याला ‘झेरॉक्स’ म्हणतो, त्याच विद्येत या यंत्राचे मूळ आहे. चेस्टर कार्लसन या अमेरिकन संशोधकाने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे ओल्या शाईवाचून, केवळ कोरड्या भुकटीने कागदावर अक्षरे उठवली. पुढे या तत्त्वाला लेसर किरणांची जोड देऊन गॅरी स्टार्कवेदर यांनी १९७१ मध्ये लेसर प्रिंटर सिद्ध केला. यंत्रातील ड्रमवर लेसरचा किरण अक्षरांचा अदृश्य विद्युत्‌ठसा उमटवतो. टोनर नावाची भुकटी त्या ठशाला चिकटते आणि तेथून कागदावर उतरते. ही भुकटी म्हणजे वस्तुतः रंग मिसळलेले अतिशय बारीक प्लॅस्टिक होय. बोट फिरवले तर पुसले जाईल असे हे अक्षर पक्के करण्यासाठी कागदाला शेवटी फ्यूजर नावाच्या भागातून, म्हणजे एकमेकांवर दाबलेल्या तप्त पृष्ठभागांमधून जावे लागते. तेथील उष्णता साधारणतः १८० ते २०० अंश सेल्सिअस असते. पाणी १०० अंशांवर उकळते, हे लक्षात घेतले म्हणजे तिची कल्पना येईल. कागद तेथून क्षणार्धात पुढे सरकतो म्हणूनच तो करपत नाही. तो तेथेच अडकला, किंवा उष्णतेवर नियंत्रण ठेवणारा भाग बिघडला, तर मात्र वास येणारच.

म्हणून वास येताच पहिले काम एकच : छपाई थांबवावी, भिंतीवरील बटण बंद करावे आणि प्लग काढावा. प्लग किंवा वायर तापलेली वाटली, तर तिला हात न लावता खोलीचा मुख्य स्विच बंद करावा. खिडक्या उघडाव्यात. यंत्राचे झाकण लगेच उघडून आत हात घालू नये. फ्यूजर निवण्यास निदान अर्धा तास द्यावा. धूर अथवा ज्वाला दिसली, तर माणसांना बाहेर काढून अग्निशामक दलाला बोलवावे. विजेच्या आगीवर पाणी कदापि ओतू नये. आग अगदी लहान असेल आणि वापराची माहिती असेल, तरच कोरड्या पावडरीचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक वापरावे.

यंत्र निवल्यावर कारणाचा शोध घ्यावा. प्रत्येक वास सारखा नसतो. नवे यंत्र प्रथमच तापते तेव्हा किंचित वास येतो व थोड्या वेळाने तो जातो. जुन्या धाटणीच्या यंत्रांतून ठिणगी उडाल्यानंतर येतो तसा उग्र वास येतो. तो ओझोन वायूचा असतो. ते जळणे नव्हे, तरी खोलीत हवा खेळती हवीच. कागद करपल्याचा वास असेल, तर फ्यूजरजवळ कागदाचा तुकडा अडकला आहे का ते पाहावे. वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास आला, तर लेसरसाठी नसलेली पारदर्शक फिल्म, चकचकीत कागद किंवा चिकटपट्ट्या आत गेल्या होत्या का, हे आठवावे. वायरचे आवरण जळल्यासारखा झोंबणारा वास मात्र सर्वांत गंभीर. तो आल्यास यंत्र पुन्हा सुरू करून पाहण्याचा मोहही टाळावा आणि जाणकार दुरुस्तीकाराला बोलवावे.

दोष पुष्कळदा यंत्राबाहेरही असतो. फ्यूजर तापताना लेसर प्रिंटर एकदम मोठा विद्युत्प्रवाह ओढतो. संगणकासाठी घेतलेल्या लहान यूपीएसवर, किंवा पंखा, किटली व संगणक लावलेल्या एकाच एक्स्टेंशन बोर्डावर तो जोडला, तर सैल सॉकेट तापून काळे पडते. त्याला भिंतीतील अर्थिंग असलेले स्वतंत्र सॉकेट द्यावे. मागच्या पंख्याची जाळी धुळीने बुजलेली नसावी, आणि उंदरांनी वायर कुरतडली नाही ना, हेही पाहावे.

आमच्या सीमाभागातील एका शाळेत घडलेला प्रसंग येथे सांगण्यासारखा आहे. मे महिन्यात दाखल्यांसाठी पालकांची रांग लागली होती. सकाळी पत्त्यांच्या चिकटपट्ट्या छापून झाल्या होत्या आणि त्यांतील अर्धवट वापरलेला कागद कुणीतरी पुन्हा यंत्रात घातला होता. दुपारी वास येऊ लागला. लिपिक म्हणाले, ‘चारच दाखले उरलेत.’ वृद्ध शिपायाने मात्र सरळ भिंतीवरचे बटण बंद केले. तो म्हणाला, ‘साहेब, दाखले उद्या बी काढता येतील. हे दप्तर जळालं तर कुठनं आणायचं?’ दुरुस्तीकाराने यंत्र उघडले, तेव्हा सुटलेली चिकटपट्टी फ्यूजरच्या रुळाला गुंडाळून काळी झालेली आढळली. पालकांना दुसऱ्या दिवशी यावे लागले. त्यांपैकी एक तर रोजगार बुडवून आले होते. त्यांची नाराजी रास्तच होती.

तथापि त्या शिपायाच्या प्रश्नाचे वजन मोठे आहे. प्रिंटरमागच्या कपाटात त्या शाळेची प्रवेशनोंदीची जुनी पुस्तके होती. त्यांतील काही १९५६ पूर्वीची, म्हणजे बेळगाव मुंबई राज्यात होते त्या काळातील. कुणाची जन्मतारीख, कुणाची जात, कुणाच्या आजोबांनी कोणत्या भाषेत शिक्षण घेतले, याचा पुरावा काही कुटुंबांपाशी तेवढाच असतो. यंत्र पैसे देऊन नवे आणता येते. ती पाने पुन्हा लिहून मिळत नाहीत. म्हणून मूळ दप्तर आणि छपाईयंत्र एका भिंतीला नसावे. दप्तर लोखंडी कपाटात दूर ठेवावे, त्याच्या छायाप्रती दुसऱ्या जागी असाव्यात आणि कचेरी बंद करताना प्रिंटरचे बटण भिंतीवरूनच बंद करावे.

आणखी एक गोष्ट. वास प्रथम कळतो तो बहुधा खोलीत नुकत्याच पाऊल टाकणाऱ्या माणसाला. आत बसलेल्यांचे नाक त्याला सरावलेले असते. तो माणूस शिपाई असो, विद्यार्थी असो वा दाखल्यासाठी आलेला पालक असो. त्याने ‘काहीतरी जळतंय’ म्हटले, तर त्याला ‘थांबा जरा’ न म्हणता आधी यंत्र थांबवावे. राहिलेली चार पाने उद्या छापता येतात.