हुशारीची गोळी आणि उडालेली झोप

एक आई आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) "डॉक्टरांनु, झिलाक माज्या झोप म्हणान नाय. जेवणा नाय, बोलणा नाय. देवाक गाऱ्हाणा घातलंय, गुण नाय. कोणी काय केल्यान काय?"

वडिलांची लहान होडी, आई बाजारात मासे विकते. दहावीला मुलाने उत्तम गुण मिळवले, मग डॉक्टर व्हायचे ठरले. 'नीट' परीक्षेच्या दुसऱ्या प्रयत्नासाठी त्याला परगावी क्लासला ठेवले. फीसाठी आईच्या बांगड्या बँकेत गेल्या. परीक्षा आटोपून तो घरी आला तो असा.

नाडी मिनिटाला ११६, हातांना कंप, वजन सात किलोने उतरलेले. मला थायरॉईडची शंका आली, पण रिपोर्ट नॉर्मल. मग आईला बाहेर बसवून मुलाशी बोललो. बराच वेळ तो खाली मान घालून होता. शेवटी त्याने खिशातून गोळ्यांची एक पट्टी काढून टेबलावर ठेवली. खोलीतल्या मित्राने दिलेली. 'हुशारीची गोळी' म्हणून तिकडे ती हातोहात फिरते.

गोळी मोडाफिनिलची होती. दिवसा बसल्या जागी अनावर झोप येण्याचा एक आजार आहे, त्यासाठी अमेरिकेत १९९८ साली तिला मान्यता मिळाली. त्या रोग्याला ती उपयोगी पडते. निरोगी मुलाने रात्री दहाला घेतली, तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिचा जवळजवळ निम्मा अंश शरीरात उरतो. त्यात रात्री पुन्हा नवी गोळी. डोकेदुखी, धडधड, भूक मरणे, जिवाची घालमेल हे सारे ओघानेच आले.

या औषधांनी बुद्धी तरी वाढते का? २०२३ साली 'सायन्स ॲडव्हान्सेस' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चाळीस निरोगी तरुणांना कधी मोडाफिनिल, कधी मिथाइलफेनिडेट, कधी डेक्सॅम्फेटामिन, तर कधी औषध नसलेली खोटी गोळी देऊन एकच प्रकारचे कोडे घातले. पिशवीत ठरावीक वजनच मावते. कोणत्या वस्तू घेतल्या म्हणजे जास्तीत जास्त किमतीचा माल भरेल? आपल्या बाजारकरणी रोज सोडवतात तेच हे कोडे! औषध घेतलेल्यांनी खटपट जास्त केली, वेळही जास्त घेतला, पण निवड वेडीवाकडी झाली. मिथाइलफेनिडेट घेतल्यावर तर एरवी सरासरीपेक्षा सरस ठरणारे अनेक जण सरासरीच्या खाली घसरले. म्हणजे गोळीने जोर वाढला, अक्कल नव्हे. आपण खूप अभ्यास केला असे मात्र मुलाला वाटत राहते.

आणि झोप जाते ती वेगळीच. रापण किनाऱ्याला लागली म्हणून काम संपत नाही. मासळी निवडायची असते, बर्फात लावायची असते. दिवसभर वाचलेल्याची ही निवडानिवड मेंदू झोपेत करतो. ती झोपच काढून घेतली तर माल वाळूतच राहायचा.

हे सर्व मी त्या मुलाला सांगितले. त्याने ऐकले, मग म्हणाला, "गोळी घेतल्याबिगर पुस्तक उघडूक भिया वाटता. चाचणीत मार्क पडले ते माजे नाय, गोळयेचे." तीस वर्षे नाड्या पाहतो आहे, पण यावर काय बोलावे ते मला चटकन सुचले नाही. दहावीला तर कोणतीच गोळी नव्हती, हे तो विसरूनच गेला होता.

बाहेर आईला थोडक्यात कल्पना दिली. ती म्हणाली, "मग डोक्यासाठी दुसरा कायतरी लिवन द्या." इथे एक कबुली देतो. पूर्वी परीक्षेच्या दिवसांत पालकांच्या आग्रहाखातर मीही स्मरणशक्तीची टॉनिके लिहून दिली आहेत. त्यांनी कोणाचे गुण वाढल्याचे मला दिसले नाही.

विज्ञानाने मुलांची बुद्धी खरोखर राखली ती मिठातून. गरोदरपणी आयोडीन फार कमी पडले तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती नंतर भरून येत नाही. त्यासाठी देशात १९६२ पासून कार्यक्रम चालू आहे. आपल्याकडे मिठागराचे खडे मीठ अजून अनेक घरांत वापरतात. ते समुद्राचे असले तरी त्यात आयोडीन नगण्य असते. मासे खाल्ल्याने काही मिळते, पण स्वयंपाकाला आयोडीनयुक्त मीठच घ्यावे, विशेषतः घरात गरोदर बाई असेल तर.

२०१२ पासून कोकण विभाग दहावी-बारावीच्या निकालात राज्यात सातत्याने पहिला येतो. मलाही अभिमान आहे. पण बाहेर शिकणाऱ्या मुलाला फोनवर 'मार्क किती?' विचारण्याआधी 'किती वाजता निजतोस?' हे विचारा. अशा गोळ्या घेत असेल तर न रागावता डॉक्टरांकडे आणा. चंचलतेच्या आजारासाठी तज्ज्ञांनी मिथाइलफेनिडेट दिलेल्या मुलांचे औषध मात्र हा लेख वाचून बंद करू नका. मुलगा जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलू लागला तर त्याला एकटे सोडू नका. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

गोळी बंद केल्यावर मुलगा पहिले काही दिवस नुसता झोपून होता. आई घाबरली, मी म्हटले, निजू दे. तिसऱ्या आठवड्यात तो एकटाच आला. नाडी ८०. बोलता बोलता मी सहज विचारले, "आज भरती कधी रे?" तिथीची पाऊणपट करायची, हा हिशेब आपल्याकडे होडीवाल्यांच्या पोरांना कोणी वेगळा शिकवत नाही. कॅलेंडरकडे न पाहता तो म्हणाला, "अष्टमी आसा, म्हणजे सहाक." आणि बाबा वाट बघत असतील म्हणून घाईने निघाला.