भाषा उघडून पाहायचं शिक्षण

पुण्यात कात्रजच्या विद्यार्थ्याला भाषाविज्ञानात एमए करायचं असेल, तर जुनं नावाजलेलं ठिकाण अख्खं शहर ओलांडून येरवड्याला आहे: डेक्कन कॉलेज. नावाला भुलून डेक्कन जिमखान्यावर उतरू नये!

१८२१च्या पाठशाळेतून वाढलेलं हे कॉलेज १९३९मध्ये संशोधन संस्था झालं. मराठीच्या ध्वनिव्यवस्थेचे अभ्यासक अशोक केळकर इथलेच प्राध्यापक होते.

इथे दहा भाषा बोलायला शिकवतात, हा गैरसमज. खरा अभ्यास भाषेच्या घडणीचा. ‘चार’ म्हणताना जीभ टाळूला टेकते, ‘चाक’ म्हणताना दातांमागे सरकते. अक्षर मात्र एकच. ध्वनीनंतर पदरचना, वाक्यरचना, अर्थ.

आणि प्रत्यक्ष माणसांचं बोलणं. राज्य मराठी विकास संस्थेच्या साथीने डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं, तेव्हा अभ्यासक गावोगाव ध्वनिमुद्रण करत फिरले.