एम. जी.चे दत्तविधान

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याने नवी मोटार घेतली आणि तो पेढे घेऊन घरी आला. मोटारीच्या तोंडावर अष्टकोनी चौकटीत 'एम. जी.' ही दोन अक्षरे होती. ती पाहून माझ्या तोंडून निघून गेले, "ही काही खरी एम. जी. नव्हे रे!" ज्याचा पेढा तोंडात आहे त्याला असे बोलू नये, हे मला सौभाग्यवतींनी नंतर सुनावले. ते योग्यच होते. पण पुतण्या हसून म्हणाला, "मग खरी कोणती, काका?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर मला १९६४ सालच्या आदिलाबादेत जावे लागते.

आमचे वडील तिथे वकिली करीत. मूळ गाव किनवटकडचे. १९५६ साली किनवट नांदेड जिल्ह्यात गेले आणि आदिलाबाद आंध्रात राहिले. भाऊबंद एका राज्यात, आम्ही दुसऱ्या. घराने मात्र जागा सोडली नाही. पुढे २०१४ साली तेच घर तेलंगणात गेले, तेव्हाही उंबरठा होता तिथेच होता. नागपूर-हैदराबाद रस्ता गावावरून जाई आणि त्या रस्त्याच्या कडेला एका मिस्त्रीची पत्र्याची शेड होती. आम्ही मुले त्यांना चाचा म्हणत असू. भाड्याच्या दोन-तीन अँबेसिडर गाड्या त्यांच्याच हातावर जगत. कापसाच्या हंगामात व्यापारी, एरवी वऱ्हाडी मंडळी आणि वकील, असे त्यांचे गिऱ्हाईक.

एके दिवशी सकाळी त्या शेडपुढे एक लाल मोटार थांबली. दोन माणसांची, छताविना, जमिनीला पोट टेकवून बसलेल्या मांजरीसारखी. ती एम. जी. ए. होती, हे नाव मला पुष्कळ वर्षांनी कळले. चालवणारा तरुण लष्करी अधिकारी सिकंदराबादच्या छावणीकडे निघाला होता आणि पाणी व हवा पाहून घेण्यापुरता थांबला होता. चाचांनी हवा भरली, पाणी घातले, पैसे घेतले आणि मग अदबीने म्हणाले, "साब, बॉनेट जरा फिर खोलो. देखना था."

ते वाकले. बोटाने काहीतरी मोजले. मग टॅक्सीची वाट पाहत उभ्या असलेल्या आमच्या वडिलांना त्यांनी हाक मारली, "वकीलसाब, इधर आओ! ये तो अपनीच अँबेसिडर का इंजन है. कारबुरेटर दो लगा दिए, बस!"

अधिकाऱ्याचा चेहरा क्षणभर उतरला. आपल्या लाल परीला भाड्याच्या टॅक्सीची बहीण म्हणवून घेणे कोणाला रुचेल? मग तो हसला आणि फरक पुष्कळ आहे म्हणाला. चाचा म्हणाले, "फरक तो है साब. ये दौड़ती, वो ढोती."

जाता जाता त्याने मला जिनिंगपर्यंत फेरी मारून आणतो असे सांगितले. वडिलांनी नको म्हटले. परक्याच्या गाडीत बसायचे नाही, हा घरचा नियम. मी दहा वर्षांचा होतो. त्या रिकाम्या सीटचा तांबडा रंग अजून माझ्या डोळ्यांपुढे आहे.

चाचांचे निदान मात्र अचूक होते. हैदराबादेत नोकरीला लागल्यावर वाचनालयातून मोटारीची जुनी मासिके आणून मी ते ताडून पाहिले. १९५५ साली एम. जी. ए. निघाली ती १४८९ सी. सी.च्या इंजिनावर. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे 'बी' मालिकेचे हे इंजिन मुळात ऑस्टिनच्या घरचे. तेच १९५९ पासून उत्तरपाड्याच्या अँबेसिडरमध्ये बसू लागले. एम. जी.त दोन कार्बुरेटर लावून त्यातून ७२ अश्वशक्ती काढीत, आपल्याकडे एका कार्बुरेटरवर पन्नासच्या आसपास. एक गाडी ताशी १०० मैलांच्या जवळ जाई. दुसरी नवरा-नवरी, सहा वऱ्हाडी आणि टपावर रुखवत घेऊन महबूब घाट चढे. कोणते काम अवघड, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि हा काही एकदाच घडलेला योगायोग नव्हता. या घराण्याचा तो कुळाचारच होता. एम. जी. म्हणजे मॉरिस गॅरेजेस, ऑक्सफर्डमधली विल्यम मॉरिस यांची विक्री-दुरुस्तीची पेढी. सेसिल किंबर हे १९२२ साली तिचे व्यवस्थापक झाले आणि मॉरिसच्या साध्या घरगुती गाडीवर देखणे, हलके अंग चढवून विकू लागले. १९२८ साली लंडनच्या प्रदर्शनात त्यांनी एम-टाइप मिजेट मांडली. खाली मॉरिस मायनर, ८४७ सी. सी.चे इंजिन, वर लाकडी सांगाड्यावर ताणलेले कापड आणि होडीसारखी निमुळती शेपटी. किंमत १७५ पौंड. शर्यतीची गाडी म्हणजे लक्ष्मीपुत्रांचा खेळ, या समजुतीला तिथे धक्का बसला. बेताच्या पगाराचा माणूसही तिच्याकडे आशेने पाहू लागला. १९३३ साली याच घराण्याच्या के-३ गाडीत बसून नुवोलारीने अल्स्टरची टी. टी. शर्यत जिंकली. १९३५ साली मॉरिसनी एम. जी. आपल्याच मोठ्या कंपनीत घातली आणि शर्यतीचे खाते बंद केले.

टी. सी. मला सर्वांत आवडते. १९४५ साली, युद्धाची धूळ खाली बसते न बसते तोच आलेली, १२५० सी. सी., मोठी तारांची चाके, पुढे आडवी पाडता येणारी काच. अंगाचा सांगाडा अजूनही लाकडीच. निर्मळच्या लाकडी खेळण्यांच्या मुलखात वाढलेल्या माणसाला त्याचे नवल वाटायचे नाही! अशा सुमारे १०,००० गाड्या झाल्या. पुढच्या टी. डी.ला तारांऐवजी पत्र्याची चाके आली, तेव्हा जुन्या भक्तांनी धर्म बुडाल्याचा पुकारा केला, आणि टी. डी. जवळजवळ ३०,००० खपल्या, त्यांतल्या बहुतेक अमेरिकेत. एम. जी. ए. एक लाखाच्या वर गेली. १९६२ साली आलेली एम. जी. बी. आणि तिच्या पोटशाखा मिळून पाच लाखांच्या वर. ऑक्टोबर १९८० मध्ये ॲबिंग्डनचा कारखाना बंद पडला.

त्यानंतरची वंशावळ कोर्टातल्या वारसाहक्काच्या दाव्यासारखी गुंतागुंतीची आहे. १९९५ साली एम. जी. एफ. ही एक चांगली गाडी झाली, पण २००५ साली एम. जी. रोव्हर बुडाली. नाव नानजिंगच्या चिनी कंपनीने घेतले, तिच्याकडून ते शांघायच्या सैक कंपनीकडे गेले. २०१७ साली सैकने गुजरातेत बडोद्याजवळ हालोल येथे जनरल मोटर्सचा कारखाना घेतला, २०१९ साली हेक्टर बाहेर पडली, आणि पुढे जिंदलांचा जे. एस. डब्ल्यू. समूह भागीदार झाला. पुतण्याची गाडी ती हीच हेक्टर.

माझा सगळा आक्षेप या दत्तकावर होता. पण संस्थानी मुलखात वाढलेल्या माणसाने दत्तकाला नाव ठेवायचे? १८७५ साली कवळाण्याच्या एका मुलाला बडोद्याच्या गादीवर दत्तक घेतले, आणि सयाजीरावांएवढे गादीचे पांग दुसऱ्या कोणी फेडले? शिवाय पुतण्याने मला निरुत्तर केले. हेक्टर ही मुळात चीनमधल्या बाओजुन नावाच्या घरगुती गाडीची बहीण आहे, हे त्यानेच शोधून सांगितले. "किंबरसाहेबांनी काय वेगळे केले होते, काका?" मी म्हणालो, किंबरनी घरगुती गाडीला धावायला शिकवले, तुझी ओझी वाहते. चाचांचा न्याय उलटा फिरवून मी तिथे थोडी लबाडी केली, हे कबूल. २०२५ साली या नावाची सायबरस्टर ही दोन आसनांची विजेची गाडी भारतात आली. धावते उत्तम म्हणतात. पण तिची किंमत ७० लाखांच्या वर आहे, आणि १७५ पौंडांच्या मिजेटचा वारसा त्या किमतीत मला तरी दिसत नाही.

अँबेसिडरची गत याहून वाईट. २०१४ साली उत्पादन थांबले आणि २०१७ साली नुसते नाव एका फ्रेंच कंपनीला विकले गेले. तिथे दत्तविधान झाले, पण मूल काही अजून अंगणात खेळले नाही.

दिवाळीनंतर पुतण्या मला आदिलाबादला घेऊन गेला. त्याच्या शेजारच्या सीटवर मी बसलो होतो. महबूब घाट कधी संपला कळलेही नाही. चाचा केव्हाच गेले. शेडच्या जागी पक्के गॅरेज आहे आणि नातू ते चालवतो. त्याने हेक्टरचे बॉनेट उघडायला सांगितले, वाकून पाहिले आणि काळ्या झाकणावर टिचकी मारली. "इसमें कुछ दिखताच नहीं, काका."

मागच्या आवारात लिंबाखाली एक अँबेसिडर उभी होती, चारही टायर बसलेले. नातवाने तिचे बॉनेट वर केले. आत कोळीष्टके होती, पण सगळे जागच्या जागी होते. पुतण्या बराच वेळ तिथे वाकून उभा राहिला. मग त्याने विचारले, "याला दुसरा कार्बुरेटर लावला तर?"

नातू म्हणाला, "लगा के देखेंगे."