चित्रात नेमकं काय बदललं?

प्रोग्राम म्हटलं की डोळ्यांपुढे ओळींवर ओळी येतात. लॅबव्ह्यूमध्ये लिहिलेल्या प्रोग्राममध्ये अशी ओळ सहसा दिसत नाही. पडद्यावर असतात छोटे चौकोनी आयकॉन आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत तारा. निळ्या तारेतून पूर्णांक जातो, नारिंगीतून दशांश संख्या, गुलाबीतून मजकूर, हिरवीतून हो किंवा नाही. एकच संख्या असेल तर तार बारीक, संख्यांची रांग असेल तर जाड. आपल्याकडे इन्स्ट्रुमेंटेशन शिकलेल्या अनेकांनी कॉलेजच्या लॅबमध्ये या तारा ओढलेल्या आहेत.

चित्र काढून संगणकाला काम सांगायचं, ही कल्पना जुनी. विल्यम सदरलंड यांनी १९६६ साली एमआयटीतल्या प्रबंधात ती मांडली होती. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीत जेफ कोडोस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिचं रोजच्या वापरातलं साधन केलं. १९८६ मध्ये मॅकिंटॉशवर लॅबव्ह्यू आलं.

यातली थक्क करणारी गोष्ट म्हणजे कामांचा क्रम कुणी लिहीतच नाही. एखाद्या आयकॉनकडे येणाऱ्या सगळ्या तारांमधून माहिती पोचली की तो आपलं काम करतो आणि उत्तर पुढे धाडतो. दोन शाखा एकमेकींना जोडलेल्या नसतील, तर त्या एकाच वेळी चालू शकतात. इतर भाषांमध्ये असं समांतर काम करवून घ्यायला वेगळी आणि अवघड विद्या शिकावी लागते. इथे ते चित्रातच दडलेलं असतं. मग 'हेच पुन्हा पुन्हा कर' हे कसं सांगायचं? तारा गोल फिरवल्या तर सुरुवात कुठली आणि शेवट कुठला, हेच कळेनासं होतं. कोडोस्की यांनी लूपची चौकटच केली. चौकटीच्या आत जे काढलं आहे ते पुन्हा पुन्हा घडतं, आणि उजव्या कडेला पोचलेली किंमत पुढच्या फेरीत डाव्या कडेतून आत येते. मला ही युक्ती संगणकाच्या इतिहासातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक वाटते.

पण हे चित्र एकट्या शास्त्रज्ञाच्या टेबलावरून टीमच्या हातात गेलं आणि नवेच प्रश्न उभे राहिले. जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये, महाकाय कण-त्वरकातल्या झोताच्या कडा छाटणारे कॉलिमेटर हलवण्याची नियंत्रणव्यवस्था लॅबव्ह्यूवर उभी राहिली. इतक्या जोखमीच्या कामात 'कालपासून आजपर्यंत काय बदललं' याचं उत्तर हाताशी हवंच.

ओळींच्या प्रोग्रामची कालची आणि आजची प्रत शेजारी ठेवली की गिट हे बदलांची नोंद ठेवणारं साधन बदललेली ओळ दाखवतं. लॅबव्ह्यूची फाइल, म्हणजे व्हीआय, बायनरी असते. गिट एवढंच सांगतं की फाइल बदलली. कुणी आयकॉन जरासा सरकवला तर चित्र वेगळं दिसतं, पण प्रोग्राम तोच राहतो. कुणी एक निळी तार सोडवून शेजारच्या निळ्या टोकाला जोडली तर नजरेला जवळजवळ काहीच दिसत नाही, पण मोटार उलटी फिरू शकते. म्हणून लॅबव्ह्यूचं तुलना करणारं साधन पिक्सेल जुळवत बसत नाही. ते जोडण्या वाचतं, आणि नुसते दिसण्यातले बदल वगळायला सांगितले तर वगळतं.

आणखी एक गुंता होता. चित्र आणि त्यापासून तयार झालेला यंत्राचा कोड एकाच फाइलमध्ये राहत असे. आतली एक व्याख्या बदलली की तिच्यावर विसंबणारे सगळे व्हीआय पुन्हा कंपाइल होत आणि 'मला सेव्ह करा' म्हणत, त्यांच्या चित्राला कुणी हातही लावलेला नसला तरी. खरा बदल त्या गर्दीत हरवायचा. २०१० च्या आवृत्तीत हा कोड वेगळा ठेवण्याची सोय आली. अशा सोयी इथे उशिराच आल्या; केलेलं मागे घेण्याची, म्हणजे अनडूची साधी सोय यायलासुद्धा १९९८ उजाडलं होतं!

आता चित्र तपासणारी साधनंही आहेत. व्हीआय ॲनालायझर उजवीकडून डावीकडे उलटी धावणारी तार पकडतो, आयकॉनच्या खाली लपलेली तारही पकडतो. चाचणीच्या बाबतीत तर ही भाषा जन्मतःच भाग्यवान आहे. प्रत्येक व्हीआयला स्वतःचं फ्रंट पॅनेल असतं. त्यावर आकडे भरा, बटण दाबा, तो तुकडा एकटाच चालवून बघा. आपोआप चालणाऱ्या युनिट टेस्टकडे जायला इथून एकच पाऊल उरतं.

कस लागतो तो दोघांनी एकाच वेळी एकच व्हीआय बदलला तेव्हा. दोन्ही बदल एकत्र करणारं साधन आहे, पण एका पडद्यात न मावणाऱ्या आकृतीत तारांचा गुंता सोडवताना माणूस थकतो. म्हणून अनुभवी मंडळी व्हीआय लहान ठेवतात, एका व्हीआयला एकच काम देतात, आणि आज कोण कुठल्या व्हीआयला हात लावणार हे सकाळीच ठरवून घेतात.