जाड अक्षराचा दिवस

सकाळी 9. नगर-मनमाड रस्त्यावरचं दुकान उघडतो. पहिलं काम पेरूच्या बागवाल्याचं आहे. खोक्यावर ‘पेरू’ एवढंच ठळक हवं. राहात्याचा पेरू टेम्पोत रचला की खोक्याची एकच बाजू दिसते, म्हणून दोन अक्षरांनी ती पूर्ण व्यापायची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘बलू’ फॉन्ट लावतो. त्याची रेषा सगळीकडे जवळपास सारखीच जाड असते, त्यामुळे पुठ्ठ्यावर शाई पसरली तरी अक्षर तुटत नाही.

11. सराफाच्या पाटीसाठी मात्र ‘रोझा वन’. अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीनं 2014 मध्ये काढलेला हा फॉन्ट. जाड रेषा भरदार, बारीक रेषा केसाएवढी. त्यातली रोमन अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लंडनमध्ये जाहिरातींसाठी निघालेल्या ‘फॅट फेस’च्या कुळातली, टोकांना आडव्या पट्ट्या असलेली. देवनागरीला तशा पट्ट्या नाहीत. तिचा सगळा रुबाब जाड-बारकाच्या फरकात आणि तिरक्या कापलेल्या टोकांत आहे. पाटी मोठी असेल तरच ती केसाएवढी रेषा रस्त्यापलीकडून दिसते, हे सराफांना आधीच सांगतो.

दुपारी 12. हाताखालचा मुलगा संगणकावर कोरलड्रॉमध्ये साधं अक्षर धरून आडवं ताणतोय. त्याला थांबवतो. ताणलं की काना फुगतो आणि शिरोरेखा होती तेवढीच राहते. अक्षर रुंद न होता वेडंवाकडं दिसतं. रुंद अक्षर मुळातूनच वेगळं काढावं लागतं. ‘म’ची गाठ, ‘ठ’चं पोट, ‘क’चा पोकळ भाग असा सांभाळायचा की रेषा जाड होऊनही आत उजेड राहील. या कामातली खरी कारागिरी तिथेच आहे.

1.30. जेवण. मुलाला कमल शेडगे यांनी हातानं काढलेली नाटकांची शीर्षकं मोबाइलवर दाखवतो. वर्तमानपत्रातल्या लहानशा जागेत नाटकाचा स्वभाव त्या अक्षरांतून कळायचा.

4. एक कुटुंब श्रद्धांजलीचा फ्लेक्स करायला आलंय, आजच हवाय. नमुना म्हणून आणलेल्या फोटोत ‘श्रद्धांजली’ अतिजाड अक्षरात आहे, त्यातला ‘द्ध’ पार बुजलाय. “काका, नाव मोठं ठेवू, पण अक्षर सडपातळ घेऊ,” म्हणतो. ते मान हलवतात. ‘मुक्ता’ लावतो, भोवती मोकळी जागा सोडतो. दुःखाच्या मजकुराला जाड अक्षर ओरडल्यासारखं वाटतं, असं माझं ठाम मत आहे.

6.30. फ्लेक्सला रिंगा मारून झाल्या. सराफाच्या पाटीचा नमुना दारात टांगतो आणि रस्ता ओलांडून तिकडून वाचतो. नाव लगेच वाचता येतं.

पाटी करायला याल तेव्हा जाड अक्षर नावापुरतंच मागा. पत्ता आणि फोन नंबर साध्या अक्षरात राहू द्या.