रंगीत छायाचित्राचा कागद : साठवण, हाताळणी आणि उद्भासन

छायाचित्रणाची कला महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत १८५४ सालीच फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली होती. आज तर लग्न, मुंज, शाळेचे स्नेहसंमेलन, गावची जत्रा असा कोणताही प्रसंग छायाचित्रावाचून साजरा होत नाही. कॅमेरे बदलले, फिल्मची जागा बव्हंशी अंकात्मक तंत्राने घेतली. तथापि लग्नाच्या अल्बमातील बरीच चित्रे अजूनही प्रकाशास संवेदनक्षम असलेल्या रासायनिक कागदावरच छापली जातात. या कागदाचा गुणधर्म असा की, चित्र छापण्यापूर्वीच तो बिघडू शकतो आणि बिघडलेला कागद वरून पाहून ओळखता येत नाही. दोष दिसतो तो चित्र तयार झाल्यावर. तोपर्यंत कागद, रसायने व वेळ यांचा खर्च होऊन गेलेला असतो. तालुक्याच्या गावी छोटा स्टुडिओ चालविणाऱ्या व्यावसायिकास असे नुकसान सोसणे कठीण जाते. म्हणून या कागदाचा स्वभाव समजून घेणे अगत्याचे आहे.

कागदाची रचना

रंगीत छपाईचा कागद वरवर साधा दिसला, तरी तो अनेक थरांचा बनलेला असतो. मूळ कागदाच्या दोन्ही बाजूंना पॉलिथिनचे पातळ आवरण असते. चित्राच्या बाजूच्या आवरणात टिटॅनियम डाय-ऑक्साइड मिसळलेले असल्यामुळे ती बाजू शुभ्र दिसते. या आवरणावर जिलेटिनमध्ये चांदीच्या क्षाराचे सूक्ष्म स्फटिक असलेले तीन मुख्य थर चढविलेले असतात. सर्वांत खालचा थर निळ्या प्रकाशास संवेदनक्षम असून त्यात पिवळे रंजकद्रव्य तयार होते. मधला थर हिरवा प्रकाश ग्रहण करतो व त्यात मॅजेंटा, म्हणजे किरमिजी रंग उत्पन्न होतो. सर्वांत वरचा थर लाल प्रकाशास प्रतिसाद देतो व त्यात सियान, म्हणजे हिरवट निळा रंग तयार होतो. पिवळा, मॅजेंटा व सियान या तीन रंगांच्या कमीअधिक मिश्रणातून चित्रातील सारे रंग साकार होतात.

विकसन होत असताना थरातच रंग निर्माण करण्याची ही कल्पना जर्मन रसायनशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिशर यांनी १९१२ च्या सुमारास मांडली. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचे विकासकामुळे चांदीत रूपांतर होते. त्या क्रियेत विकासकाचे जे ऑक्सिडीभवन होते, त्यापासून व थरात आधीच असलेल्या रंगजनक द्रव्यापासून रंग तयार होतो. त्यानंतर सर्व चांदी विरंजन-स्थिरीकरणाच्या द्रावणात विरघळून निघून जाते आणि कागदावर उरतो तो केवळ रंग. आर. ए. ४ या नावाने रूढ असलेल्या प्रक्रियेत सुमारे ३५ अंश सेल्सिअस तपमानास विकसनास ४५ सेकंद, विरंजन-स्थिरीकरणास ४५ सेकंद आणि धुलाईस ९० सेकंद पुरतात.

साठवणीचे तत्त्व

तिन्ही थर एकाच वेगाने जुने होत नाहीत, ही गोष्ट साठवणीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. उष्णतेमुळे थरांतील रासायनिक क्रियांना गती मिळते. एका थराची संवेदनक्षमता थोडी घटते, दुसऱ्याची अधिक घटते आणि रंगांचा तोल ढळतो. त्याचबरोबर प्रकाश न पडलेल्या भागातही थोडा रंग उमटू लागतो. चित्राच्या पांढऱ्या कडा पिवळट किंवा गुलाबी दिसू लागतात व एकंदर चित्र निस्तेज वाटते. कृष्णधवल कागद थोडा जुना झाला तर केवळ काळ्यापांढऱ्याचा उठाव कमी होतो; रंगीत कागद जुना झाला तर नवरीच्या चेहऱ्याचा रंगच बदलतो.

यास्तव न उघडलेली पाकिटे १३ अंश सेल्सिअस किंवा त्याहून कमी तपमानात ठेवावीत, असे उत्पादक सांगतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. अशा वेळी पत्र्याच्या छपराखाली वा बंद मोटारीत राहिलेला कागद थोड्याच काळात खराब होऊ शकतो. घरगुती रेफ्रिजरेटरचा एक कप्पा यासाठी राखून ठेवणे छोट्या स्टुडिओस सहज शक्य आहे. पाकिटावर खरेदीचा दिनांक लिहावा आणि आधी आलेला कागद आधी वापरावा. मुदत संपलेला कागद स्वस्तात मिळतो खरा, पण एकेका चित्रासाठी चार-चार कागद वाया गेले म्हणजे तो स्वस्ताईचा व्यवहार महागात पडतो.

कोकण व मुंबईत पावसाळ्यातील आर्द्रता हा दुसरा शत्रू होय. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसा घाम सुटतो, तसाच थंड पाकीट दमट हवेत उघडल्यास कागदावर बाष्प जमते. त्यामुळे कागद एकमेकांस चिकटतात व चित्रावर डाग पडतात. म्हणून रेफ्रिजरेटरमधून काढलेले पाकीट खोलीच्या तपमानास येईपर्यंत मुळीच उघडू नये. ८ बाय १० इंचाच्या शंभर कागदांच्या पेटीस याकरिता तीनचार तास द्यावेत; मोठी गुंडाळी रात्रभर बाहेर ठेवावी. काम संपल्यावर उरलेला कागद मूळच्या काळ्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड दुमडून चिकटपट्टीने बंद करावे व ती दुसऱ्या हवाबंद पिशवीत ठेवावी.

ज्या कपाटात डांबराच्या गोळ्या, ताजा रंग, वार्निश, अमोनिया किंवा फॉर्माल्डिहाइडयुक्त पदार्थ असतील, तेथे हा कागद ठेवू नये. अशा वायूंचा परिणाम पाकिटातील कागदावरही होऊ शकतो. रसायने व कागद एकाच फळीवर ठेवण्याची सवय तर कटाक्षाने टाळावी.

अंधारखोलीतील हाताळणी

कृष्णधवल छपाई करणाऱ्यास लाल दिव्याची सवय असते. साधा कृष्णधवल कागद लाल प्रकाशास जवळजवळ आंधळा असल्यामुळे तेथे तो दिवा चालतो. रंगीत कागद मात्र निळा, हिरवा व लाल असे तिन्ही प्रकाश ओळखतो. त्याच्यासमोर लाल दिवा लावणे म्हणजे तो दिवसाच्या उजेडात धरण्यासारखेच आहे. हिरव्या व लाल प्रकाशाच्या मधल्या पिवळसर नारिंगी पट्ट्यात त्याची संवेदनक्षमता सर्वांत कमी असते; म्हणून अतिशय मंद अशा विशिष्ट तांबूसपिवळ्या दिव्याचा अल्पकाळ उपयोग करता येतो. परंतु संपूर्ण अंधारात काम करणे हाच निर्धोक मार्ग होय. सर्व वस्तूंच्या जागा ठरलेल्या असल्या, की हाताला त्याची सवय लवकर होते.

खोली खरोखरच अंधारी आहे किंवा नाही, हे दार लावताच कळत नाही. दहापंधरा मिनिटे आत बसल्यावर डोळे अंधाराला सरावतात आणि मग दाराच्या फटीतून किंवा पंख्याच्या झरोक्यातून येणारा प्रकाश दिसू लागतो. घड्याळाची चकाकणारी तबकडी, व्होल्टेज स्टॅबिलायझरवरचा लहानसा दिवा, खिशातील मोबाइलचा पडदा यांचाही बंदोबस्त करावयास हवा. याची परीक्षा नाण्याने करता येते. एन्लार्जरखाली कागदावर फिकट करडी छटा उमटेल एवढाच प्रकाश द्यावा, त्यावर एक नाणे ठेवावे आणि कागद पाचसहा मिनिटे खोलीत तसाच राहू द्यावा. विकसनानंतर नाण्याची आकृती दिसली, तर खोलीत नको असलेला प्रकाश शिरतो आहे हे निश्चित समजावे.

कागद नेहमी कडेला धरावा. ओलसर बोटांचे ठसे चित्रावर कायमचे उमटतात. विरंजन-स्थिरीकरणाच्या द्रावणाचे थोडे थेंबही विकासकात पडले तर विकासक निकामी होतो. त्यामुळे दोहोंसाठी निराळी भांडी वापरावीत व हात धुऊन, पुसून मगच पुढच्या कागदास स्पर्श करावा.

उद्भासन आणि रंगांचा तोल

कागदावर मोजून प्रकाश टाकण्याच्या क्रियेस उद्भासन, म्हणजेच नेहमीच्या भाषेत एक्स्पोजर म्हणतात. निगेटिव्हवरून छपाई करताना सर्व न्याय उलटा असतो. अधिक प्रकाश दिला तर चित्र गडद होते, कमी दिला तर फिके. रंगांचेही तसेच. चित्रात ज्या रंगाची छटा अधिक झाली असेल, त्याच रंगाचा फिल्टर वाढवावा. चित्र पिवळट आले तर पिवळा फिल्टर वाढवावा. किरमिजी आले तर मॅजेंटा वाढवावा. लाल आले तर पिवळा व मॅजेंटा दोन्ही वाढवावेत. उलट चित्र निळसर असल्यास पिवळा कमी करावा, हिरवट असल्यास मॅजेंटा कमी करावा आणि सियानकडे झुकत असल्यास पिवळा व मॅजेंटा दोन्ही कमी करावेत. सियान फिल्टर सहसा वापरावा लागत नाही. तिन्ही फिल्टर एकत्र आले तर रंग न सुधारता प्रकाश मात्र घटतो.

प्रारंभी ५० मॅजेंटा व ५० पिवळा अशी योजना करून, एकाच कागदावर ५, १०, १५ व २० सेकंदांच्या पट्ट्या पाडाव्यात. आधी गडदपणा योग्य असलेली पट्टी निवडावी व त्यानंतरच रंगाकडे वळावे. पाच एककांचा बदल जेमतेम जाणवतो, दहाचा स्पष्ट दिसतो. तीस एककांनी त्या फिल्टरच्या पूरक रंगाचा प्रकाश निम्मा होतो. फिल्टर, विशेषतः मॅजेंटा वाढविल्यास वेळही थोडा वाढवावा लागतो. चित्राची लांबीरुंदी दुप्पट केली तर तोच प्रकाश जवळजवळ चौपट जागेवर पसरतो, म्हणून उद्भासनही जवळजवळ चौपट करावे लागते. शक्य तेथे वेळ कायम ठेवून भिंगाचे छिद्र बदलावे, कारण उद्भासनाचा काळ फार लांबल्यास तीन थरांचा प्रतिसाद सारखा राहत नाही. ओल्या चित्रावरून रंगाचा निर्णय कधीही घेऊ नये. ते वाळल्यावर, आणि जेथे ते पाहिले जाणार तशाच प्रकाशात तपासावे.

ग्रामीण भागात विजेच्या दाबातील चढउतार हे एक निराळेच संकट आहे. दाब कमी झाला की एन्लार्जरचा दिवा मंद होतो व त्याचा प्रकाश लालसर होतो. परिणामी चित्र फिके येते आणि उलट न्यायाने सियानकडे झुकते. छपाई करणारा फिल्टर बदलत राहतो, तोच दाब पूर्ववत होतो. म्हणून चांगला स्टॅबिलायझर हा चैनीचा नव्हे, गरजेचा भाग समजावा.

यंत्र आणि माणसाची नजर

आधुनिक प्रयोगशाळांत संगणकातील चित्र लाल, हिरव्या व निळ्या लेसर किरणांनी थेट कागदावर उतरविले जाते. उद्भासनाची पद्धत बदलली, तरी कागद त्याच जातीचा असल्यामुळे साठवणीचे नियम तेच राहतात. यंत्रास रंगांचा तोल साधून देता येतो. पण चित्रात काय आहे हे त्यास नेहमीच कळते असे नाही. चित्रातील सर्व रंगांची सरासरी करडी असावी, असे गृहीत धरून काम करण्याची स्वयंचलित छपाई यंत्रांची जुनी रीत आहे. हळदीच्या समारंभात हळद माखलेले चेहरे, पिवळी वस्त्रे व झेंडूची फुले यांनी चित्र व्यापलेले असते. यंत्रास तो पिवळेपणा दोष वाटतो आणि ते निळी छटा वाढविते. भाताच्या हिरव्या शेतात उभ्या असलेल्या शेतकऱ्याचा चेहरा अशाच कारणाने किरमिजी होऊन येतो. तेथे यंत्रावर न विसंबता माणसाने नजरेने दुरुस्ती करावयास हवी. समारंभाच्या आरंभी त्याच प्रकाशात एका करड्या पुठ्ठ्याचे छायाचित्र घेऊन ठेवावे. छपाईत तो पुठ्ठा करडा आला, की हळदही हळदीसारखी येते.

छपाईनंतरची जबाबदारी

रंगीत चित्रात चांदी उरत नाही, हे वर सांगितलेच आहे. ती सारी वापरलेल्या द्रावणांत उतरलेली असते. हे पाणी गटारात किंवा ओढ्यात सोडणे पर्यावरणास अपायकारक आहे आणि मौल्यवान धातूचाही त्यात अपव्यय होतो. अशा द्रावणातून चांदी परत मिळविता येते. लहान स्टुडिओंनी ते साठवून पुनर्प्राप्ती करणाऱ्यांकडे सोपविणे दोन्ही दृष्टींनी हिताचे आहे.

तयार चित्रातील रंगही अमर नाहीत. ऊन, उष्णता व दमटपणा यांनी ते फिके पडतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर चित्र टांगू नये, पी. व्ही. सी. प्लॅस्टिकचे किंवा चिकट पानांचे अल्बम टाळावेत. ज्या घरात आजीआजोबांचे एकच रंगीत छायाचित्र आहे, त्या घरी त्या कागदाचे मोल पैशात होत नाही. ते चित्र नातवंडांच्या हाती पडेपर्यंत टिकावे, याची पहिली तजवीज छपाई करणाऱ्याकडे असते. कोरा कागद थंड व कोरड्या जागी सांभाळण्यापासूनच तिचा आरंभ होतो.