चाकणचा रस्ता लाल कसा दिसतो?

परवा गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "आमचा मुलगा घरात बसून मोबाईल बघतो आन् सांगतो, चाकणला रस्ता लाल झालाय, उशिरा निघू. उपग्रह वरून फोटो काढतो का काय?"

नाही. उपग्रहाला आपली गाडी दिसतच नाही. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवरून फक्त वेळ आणि स्वतःची जागा सांगत राहतात. आपल्या रेडिओसारखंच, मी बोलते, तुम्ही ऐकता. मोबाईल किमान चार उपग्रहांचं ऐकतो आणि कोणाचा संदेश यायला किती वेळ लागला यावरून आपण कुठे आहोत ते काढतो. मग लोकेशन चालू असलेले मोबाईल ती जागा इंटरनेटवरून कंपनीला कळवतात. एका रस्त्यावरचे बरेच मोबाईल मुंगीच्या पावलानं सरकायला लागले, की नकाशावर तो रस्ता लाल. म्हणजे टेम्पोत बसलेल्या आपल्याच माणसांचे मोबाईल ही बातमी देतात.

यात फसगतही होते. बर्लिनमध्ये एका कलाकारानं ९९ मोबाईल हातगाडीत घालून रिकाम्या रस्त्यावर ओढत नेले. नकाशावर तिथे गर्दी दिसली! २०२० मधली ही गोष्ट. आपल्याकडे उलटं होतं. गावच्या रस्त्यावर मोबाईलच थोडे, म्हणून गाडी अडकली तरी नकाशाला पत्ता नसतो.

टॉमटॉम नावाची कंपनी अशाच नोंदींवरून शहरांची यादी काढते. २०२४ च्या यादीत ५०० शहरांत पुणे चौथं होतं. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटं!

म्हणून दिवस भरलेल्या सुनेला निमगावहून पुण्याला न्यायचं, तर किती किलोमीटर हे विचारू नका, किती मिनिटं ते विचारा. नारायणगाव, मंचर पार होतं, पण चाकण, मोशीला घड्याळ बघत बसावं लागतं. तपासणीची वेळ ठरलेली असेल, तर नकाशात पोचायची वेळ टाका, कधी निघायचं ते तो सांगतो. तो अंदाज मागच्या दिवसांवरून असतो. उद्याची वरात किंवा उलटलेला ट्रक त्याला आज कसा कळणार? निघताना पुन्हा बघायचं, आणि वर अर्धा तास हाताशी ठेवायचा.

आणखी एक. नकाशासाठी लोकेशन चालू करणं वेगळं आणि व्हॉट्सॲपवर कोणाला 'लाईव्ह लोकेशन' पाठवणं वेगळं. ते फक्त घरच्या माणसाला पाठवा, आणि पोचल्यावर बंद करा.